मंगळवारच्या चकत्या

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, विभागप्रमुखसुद्धा, आणि ते तर तिच्याहून दोन वर्षांनी मोठे. याचं खापर तिच्या धाकट्या भावावर फोडायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी तो तिथे कामाला लागला. पहिल्याच दिवशी त्याने जिन्याखालून आरोळी ठोकली, "ताई, माझा डबा तुझ्या पिशवीत आलाय का गं?" तिने पदव्यांवर पदव्या घेऊन जो दबदबा कमावला होता, तो त्या एका हाकेत जिन्यावरून गडगडत खाली गेला. दुसऱ्या दिवसापासून ती जगाची ताई.

भाऊ तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. तो चार वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनी घरातलं लक्ष काढून घेतलं. म्हणजे धाकट्याला वाढवलं हिनेच. त्याचे दात घासून द्यायचे, त्याला शाळेत पोचवायचं आणि मग धापा टाकत गणिताच्या तासाला जाऊन बसायचं. पुढे "लग्न का नाही केलंत?" असं कोणी विचारलं की ती म्हणे, "वेळ झाला नाही." लोकांना ते उत्तर तुसडं वाटे, पण ते शब्दशः खरं होतं.

दोघांचं काम एकच, फक्त दोन टोकांनी. समजायला ते अवघड नाही, लोक उगाच अवघड करून सांगतात. प्लास्टिकमधून वीज जात नाही. पण इंधनाच्या नळ्या प्लास्टिकच्या केल्या तर त्यांच्यातून ती थोडीशी जावी लागते. नाहीतर घर्षणाने वीज साठते, ठिणगी पडते आणि मग काय होतं ते सांगायला नको. म्हणून पातळ राळेत कार्बनच्या तंतूंची काळी पावडर मिसळतात. हे तंतू केसाहून हजारो पटींनी बारीक. चिमूटभर घातली तर काहीच होत नाही. आणखी घातली, तरी ढिम्म. आणि मग एका ठरावीक प्रमाणाला अचानक वीज वाहू लागते, कारण तंतूला तंतू टेकत टेकत या कडेपासून त्या कडेपर्यंत एक अख्खी वाट तयार झालेली असते. त्या प्रमाणाला प्रयोगशाळेत 'उंबरठा' म्हणत. हा उंबरठा कुठे येईल ते आधीच गणिताने सांगायचं, हे ताईचं काम. ती संगणकात एक काल्पनिक डबी करी, तिच्यात लाखभर काड्या विस्कटून टाकी आणि वाट सापडते का ते बघे.

भावाने तेच खरोखर करून दाखवायचं. पावडर तोलायची, राळेत घालायची, ध्वनिलहरींच्या यंत्राने ढवळायची, दहा मिनिटं ऊबकपाटात, म्हणजे राळ कोमट राखणाऱ्या कपाटात, ठेवायची, मग काढून कडक करणारं रसायन घालून साच्यात ओतायची आणि रात्रभर भट्टीत ठेवायची. सकाळी नाण्याएवढी काळी चकती निघे. तिला दोन्ही बाजूंनी चांदीचा रंग लावून त्यातून वीज किती जाते ते मोजायचं. दिवसभर ढवळतो म्हणून त्याचं नाव पडलं ढवळ्या, आणि तोंड बघावं तर तव्याच्या पाठीसारखं. बहीणभाऊ जेवायला एकत्र निघाले की कोणीतरी म्हणेच, "निघाली ढवळ्या-पवळ्याची जोडी." तो हसे. ती हसत नसे.

"तू आपली उंटावरून शेळ्या हाक, ताई," तो म्हणायचा. "इथे शेळ्या माझ्या नाकात जातात."

"नाकाला फडकं बांध. आणि शेळ्या राखायला तरी वेळेवर येत जा."

कारण हा माणूस आयुष्यात कुठेही वेळेवर पोचला नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा रिक्षा बंद पडली म्हणून वीस मिनिटं उशिरा आला. शेवटच्या वर्षी तर कहर झाला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो चकती करी. ढवळायचं यंत्र त्यांना सकाळी दहा ते अकरा एवढंच मिळे, बाकीचा वेळ इतर विभागांचा. म्हणजे सव्वाअकराला चकती भट्टीत, आणि साडेअकराला दोघं जेवायला. शुक्रवारी तसंच होई. मंगळवारी मात्र बरेचदा तो गायब. ती डबा उघडून बसे, पंधरा मिनिटांनी फोन करी.

"झोपलास की काय?"

"हो गं, भट्टीत मस्त गादी टाकलीये. ये तूपण."

असं तीन-साडेतीन महिने चाललं. मग एकदा ती सगळ्यांच्या देखत बोलली, "तुला काम झेपत नसेल तर तसं सांग. मी दुसरा माणूस मागून घेते." खोलीत सहा-सात जण होते. सगळ्यांना एकदम आपापल्या टेबलावर काहीतरी दिसलं. तो तेवढा म्हणाला, "झेपतंय गं. जरा उशिरा झेपतंय."

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो भट्टीसमोर कोसळला. रक्ताचा आजार, बराच पुढे गेलेला. एकोणीस दिवसांत खेळ आटोपला. हा आजार त्या पावडरीमुळे तर नाही ना, असं ताईने डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते नाही म्हणाले. चौथ्यांदा विचारायला ती गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, म्हणून ती न विचारताच परत आली.

प्रयोगशाळा कोणासाठी थांबत नाही. अहवाल सहा आठवड्यांत द्यायचा होता. एकूण अठ्ठेचाळीस चकत्या. त्यातल्या सदतीस ताईच्या गणिताबरहुकूम चालत होत्या. अकरा चालत नव्हत्या. उंबरठ्याच्या निम्म्यावर पावडर असतानाच त्यांच्यातून वीज वाहत होती, तीही हजार पटींनी जास्त.

विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असे.

"ताई, त्या अकरा काढून टाकू. शेवटच्या दिवसांत हात थरथरत असणार त्याचा, वजन चुकलं असेल. कोणी दोष देत नाही."

"काढायच्या तर रकान्यात कारण लिहावं लागतं."

"लिहू की. 'करणाऱ्याची चूक'. दोनच शब्द."

दोनच शब्द, खरंय. पण त्यांच्या शेजारी भावाची आद्याक्षरं छापली जाणार होती, अकरा वेळा. जगाच्या पाठीवर त्या माणसाचं नाव छापलेला तेवढा एकच कागद उरणार होता.

पण खरा काटा वेगळाच होता, आणि तो ताईने कोणाला दाखवला नाही. तिला स्वतःलाच शंका होती. उंबरठा खाली आला तर तिला हवाच होता, तिने वर्षभर त्याचाच जप लावला होता. मग ताई खूश होईल म्हणून त्याने गुपचूप चिमूटभर पावडर जास्त तर टाकली नसेल? लहानपणी हिच्या वाट्याचं दूध उरावं म्हणून 'मला नको, पोट भरलं' असं खोटं सांगणारा मुलगा तो. प्रेमापोटी लबाडी करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तेव्हा तिने आधी तेच तपासलं. एका बिघडलेल्या चकतीचा आणि एका चांगल्या चकतीचा तुकडा शेजारच्या विभागात दिला आणि आत पावडर किती ते काढून घेतलं. दोन्हींत तेवढीच, त्याने वहीत लिहिलेली, तिसऱ्या दशांशापर्यंत. हात थरथरला नव्हता आणि चिमूटही पडली नव्हती. ती प्रसाधनगृहात गेली, नळ सोडला आणि पुरेसं रडून घेतलं. मग तोंड धुऊन कामाला लागली.

मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फरक उघड दिसला. चांगल्या चकतीत तंतू सुटे सुटे, जिकडेतिकडे. बिघडलेल्या चकतीत ते एकमेकांकडे सरकून त्यांच्या माळा झालेल्या. ढवळणं कमी पडलं म्हणावं तर यंत्राच्या नोंदवहीत दर वेळी पुरी चाळीस मिनिटं. म्हणजे ढवळून झाल्यावर ते जवळ आले. आणि जवळ यायला वेळ लागतो. राळ उबेत नुसती ठेवून दिली, कोणी हात लावला नाही, तरच तंतू हळूहळू एकमेकांना शोधतात.

तिने भावाची वही उघडली. ढवळल्यापासून ओतेपर्यंतचा वेळ: दहा मिनिटं. पुढचं पान: दहा मिनिटं. अठ्ठेचाळीस पानं, अठ्ठेचाळीस वेळा दहा मिनिटं. अरे, स्वतःच्या लग्नाला उशिरा येणारा माणूस अठ्ठेचाळीस वेळा मिनिटाच्या काट्यावर? ही वही ती दर आठवड्याला बघत होती, खाली सही करत होती. तिला कधी खटकलं नाही. आकडा नीट दिसला की तो खरा मानायचा, हा तिच्या जातीच्या माणसांचा जुना रोग आहे.

मग तिने आपल्या गणितातच बदल केला. आजवर तिच्या काड्या पडत तिथे पडून राहत. आता तिने त्यांना सरकू दिलं. किती वेगाने सरकायचं ते कळावं म्हणून उबेतल्या राळेचा एक थेंब काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाच तास बघितला. आणि मग गणित उलटं फिरवलं. चकतीतून एवढी वीज जाते, तर ती राळ किती मिनिटं थांबली असली पाहिजे?

आकडे आले ते तिने तारखांप्रमाणे लावले. चाळीस, पस्तीस, बेचाळीस. मग मधेच दोनशे साठ. मग नव्वदच्या आसपास चार. मग एकशे ऐंशी, एकशे नव्वद आणि पुन्हा एकशे नव्वद. अकराच्या अकरा मंगळवार.

रविवारी ती भावाच्या घरी गेली. त्याची बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला तो चिमणी म्हणायचा, कारण तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की दिवे लागेपर्यंत थांबत नसे. त्याचं ऐकून ताईसुद्धा तेच म्हणू लागली होती.

"चिमणे, मंगळवारी अकरानंतर तो कुठे जायचा?"

चिमणीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. ती काहीच बोलली नाही, आणि तेव्हाच ताईला कळून चुकलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चकत्यांनी. तू बोल आता."

चिमणी आत गेली आणि एक फुगलेली फाइल घेऊन आली. रुग्णालय प्रयोगशाळेच्या मागच्याच रस्त्यावर. प्रत्येक चिठ्ठीवर आल्याची आणि गेल्याची वेळ ठोकलेली. आधी तपासण्या, अर्ध्या तासाच्या. मग सलाईनमधून औषध, सव्वा तास. मग रक्त चढवणं, तीन तास. ताईने पिशवीतून आपला कागद काढला आणि शेजारी धरला. जाण्यायेण्याची मिनिटं मिळवली की आकडे जुळत होते, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने. तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अचूक गणित. कुठे डोकं आपटावं ते तिला सुचेना.

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती मला. म्हणाले, ताईला कळलं की ती सगळं सोडून माझ्या उशाशी बसेल आणि दर पाच मिनिटांनी पाणी पाजेल. तिचं आत्ता कुठे जमत आलंय. अहवाल जाऊ दे, मग सांगू."

"मग चकती दुसऱ्या कोणाला करायला द्यायची होती! सुट्टी घ्यायची होती!"

"आजारी आहे म्हटलं असतं तर पावडरीपाशी उभं केलं असतं का कोणी? घरी बसवलं असतं. आणि यंत्र तुमचं अकराला सुटणार, डॉक्टर सव्वाअकरापर्यंतच भेटणार. म्हणाले, राळ काय, ठेवतो उबेला झाकून, ती कुठे पळून जातेय?" चिमणीने नाक पुसलं. "तुमचा फोन यायचा ना, भट्टीत गादी टाकलीये म्हणायचे? तिथूनच बोलायचे. हातात सुई असायची."

"आणि हसायचा."

"हसायचे. फोन ठेवला की म्हणायचे, ताई ओरडली की बरं वाटतं. सगळं नेहमीसारखं आहे असं वाटतं."

ताई म्हणाली, "मी त्याला सगळ्यांसमोर बोलले गं. दुसरा माणूस मागते म्हणाले."

"हो. त्या दिवशी जेवले नाहीत. खोटं कशाला सांगू?" चिमणी म्हणाली. थोड्या वेळाने तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण बोललेलं मागे घेतलं नाही. ताईला ते आवडलं.

एकच तारीख जुळत नव्हती. चौथा मंगळवार, चकती क्रमांक अठरा. ताईच्या गणितात दोनशे साठ मिनिटं. चिठ्ठीवर आत अकरा दहा, बाहेर अकरा पंचवीस. खाली लिहिलेलं: 'तपासणीचा निकाल समजावून सांगितला.'

"त्या दिवशी तो लवकर घरी आला होता?"

"नाही हो. संध्याकाळीच आले. नेहमीसारखे. भाजी निवडून दिली मला."

"मग चार तास?"

चिमणीने तारखेकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली. "हे मला आत्ता कळतंय."

सोमवारी ताई विभागप्रमुखांच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "चकत्या खऱ्या आहेत. वही खोटी आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला. "ताई, म्हणजे हे तर आणखी वाईट. चूक कोणाच्याही हातून होते. खोटी नोंद म्हटलं की माणूस खोटा ठरतो. मी तर म्हणतो, 'चूक'च लिहू. मऊ शब्द आहे."

"मऊ आहे, पण लागू नाही. त्याचा हात चुकला नाही. त्याने वहीत दहा लिहिलं आणि तो दहा मिनिटांत आला नाही. केलं तेवढं त्याच्या नावावर लिहा. न केलेलं नको."

"आणि पुरावा? तुमचं गणित?" मग जे बोलायला हवं होतं ते ते बोलले, आणि म्हणूनच ताई त्यांना मानत असे. "तुम्ही थांबण्याचा वेळ हा एक मोकळा आकडा घेतलात आणि दर चकतीला हवा तसा बसवलात. असा एक आकडा हातात असला तर मीही काहीही जुळवून दाखवीन. त्यात चकती भावाची, गणित बहिणीचं. बाहेरचा माणूस काय म्हणेल?"

"चिठ्ठ्या आहेत रुग्णालयाच्या."

"दहा जुळतात. एक जुळत नाही. मग तीच करून दाखवा. अठरा नंबर. दोनशे साठ मिनिटं थांबवून. वीज तेवढीच गेली, तर मी सही करतो."

तीस वर्षांच्या नोकरीत ताईने कधी राळेला हात लावला नव्हता. पहिल्या चकतीत बुडबुडा राहिला. दुसरी तिने साच्याबाहेर ओतली. ढवळायच्या खोलीत गुडघ्याला लागेल असं काही ना काही प्रत्येक पावलावर होतं. भाऊ या खोलीत शिट्टी वाजवत कसा फिरायचा देव जाणे. तिसऱ्या वेळी, एका मंगळवारी, अकराला यंत्र थांबलं, तिने भांडं ऊबकपाटात ठेवलं, झाकलं आणि समोरच्या स्टुलावर बसली.

तिला थांबता येत नसे. दूध उतू जाईपर्यंत उभं राहण्यापेक्षा दूध न पिणं तिने पत्करलं असतं. बरोबर वाचायला आणलेले कागद तिने उघडले आणि मिटले. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवरून दिव्याच्या खांबाला रंग देत होता. त्याचा अर्धा खांब झाला तेव्हा पंचेचाळीस मिनिटं झाली होती. रुग्णालयातून बाहेर पडून तेव्हा तो कुठवर पोचला असेल? पुलाकडे? बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत? बागेत बाकावर बसला असेल? शाळेवरून गेला असेल, जिथे ती त्याला हाताला धरून सोडायची? माणूस कुठे जातो असं काही ऐकल्यावर?

दीड तासाने तिच्या लक्षात आलं की तिला याचा अंदाजसुद्धा करता येत नाही. त्याला काय खायला आवडतं, कुठल्या बुटाने पाय चावतो, कोणती बातमी ऐकून तो हसेल, सगळं तिला ठाऊक. पण वाईट वाटलं की तो जातो कुठे, हे चव्वेचाळीस वर्षांत तिने विचारलं नव्हतं. तिच्यासमोर त्याला कधी वाईट वाटलंच नव्हतं. आणि ते तिने कायम त्याच्या स्वभावात जमा धरलं होतं.

त्या दिवशी आपण काय करत होतो? तिने वर जाऊन स्वतःची वही आणली. 'पन्नास हजार काड्यांची मोजणी पूर्ण. निकाल समाधानकारक.' बस, एवढंच. त्या दिवशी फोन केला होता की नाही, तेही तिला आठवेना. केला असला तर त्याने काय सांगितलं असेल, एवढं मात्र ती सांगू शकली असती.

एकशे चाळिसाव्या मिनिटाला ती उठली आणि कपाटाचं दार उघडायला हात घातला. पुरे झालं की, असं तिला वाटलं. गणित तर गणितच आहे. मग ती परत बसली. रंगारी जेवायला गेला, परत आला, दुसऱ्या खांबावर चढला. शेजारच्या विभागातल्या एकीने आत डोकावून विचारलं, "ताई, बरं आहे ना?" ताई म्हणाली, "राळ थांबलीये. मी तिच्यासाठी थांबलेय. जा तू." शेवटचा तास ती नुसती बसून होती. काहीही न करता एवढा वेळ ती कोणाहीपाशी बसली नव्हती, त्याच्यापाशीसुद्धा नाही. त्या एकोणीस दिवसांतही ती औषधांच्या वेळा लिहीत होती.

तीन वाजून वीस मिनिटांनी तिने भांडं काढलं, रसायन घातलं, हलक्या हाताने ढवळलं आणि साच्यात ओतलं. यावेळी सांडलं नाही.

बुधवारी विभागप्रमुखांच्या समोरच मोजमाप झालं. त्यांनी भावाच्या अठरा नंबरचा आकडा कागदावर आधीच लिहून उपडा ठेवला होता. यंत्रावर आकडा स्थिरावला तसा त्यांनी कागद उलटला. पहिले दोन अंक तेच. तिसरा एकाने कमी.

"जुळलं," ते म्हणाले आणि लगेच पेन काढलं. माणूस घाईतला, पण शब्दाचा पक्का. अकरा चकत्या अहवालात राहिल्या. खाली एक ओळ आली: या चकत्यांची राळ ओतण्याआधी जास्त वेळ थांबली होती, वहीतली नोंद बरोबर नाही, खरे वेळ सोबतच्या रकान्यात दिले आहेत. ताईने ती ओळ स्वतः लिहिली, दोनदा वाचली आणि एकही शब्द मऊ केला नाही.

"थांबण्याचं कारण, हाही रकाना आहे," विभागप्रमुख म्हणाले. "दहांपुढे 'वैद्यकीय उपचार' लिहितो. अठरापुढे काय लिहू?"

"माहीत नाही, असं लिहा."

"तसं कसं लिहायचं, ताई? काहीतरी..."

"माहीत नाही," ताई म्हणाली. "तेच लिहा."